दुधाचा खुलासा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होतो. निवृत्तीनंतर घरात मला मिळालेलं हे एकमेव खातं. आपल्या मराठी मंडळाच्या या वर्षीच्या दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी घेतोय, तुम्हीही काहीतरी हलकंफुलकं लिहा, असं ते म्हणाले. मी विचारलं, बाकी कोण कोण लिहितंय? तर एक हृदयाचे सर्जन, एक लहान मुलांच्या डॉक्टर, एक भूलतज्ज्ञ (ही आमचीच), आणि ब्रिस्टलला विमानांची इंजिनं बनवणारे एक गृहस्थ. त्यांच्या पंगतीत मी. मी सव्वीस वर्षं कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, फायनान्समध्ये काढली. माझ्या हातून कुणाचा जीव वाचला नाही आणि एकही वस्तू हवेत उडाली नाही. फार तर काही आकडे इकडचे तिकडे झाले.

मी या देशात आलो तो बायकोच्या, सुनंदाच्या, मागून. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, माझ्या पासपोर्टवर 'डिपेंडंट' असा शिक्का बसला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुसला गेलेला नाही. पुण्यात बँकेत होतो म्हणून कौन्सिलच्या हिशोब खात्यात टेम्पररी चिकटलो, आणि चिकटलो तो चिकटलोच. शेवटी शेवटी माझ्या पदाचं नाव 'फायनान्स बिझनेस पार्टनर' असं झालं होतं. म्हणजे ज्याचा काही बिझनेस नाही आणि ज्याला कुणी पार्टनर मानत नाही असा माणूस. आपल्या मंडळात मात्र माझा वेगळाच रुबाब. मी कौन्सिलमध्ये आहे म्हटलं की समोरचे डॉक्टर लगेच विचारायचे, आमच्या रस्त्यावरचे कचऱ्याचे बिन्स दोन आठवड्यांनी का उचलतात हो? सव्वीस वर्षं मी त्याचं उत्तर देत आलोय. बिन्सशी माझा आयुष्यात कधी संबंध आला नाही.

तर कौन्सिलचं बजेट म्हणजे काय ते सांगतो, दोन मिनिटं सहन करा. महिनाअखेरीस आपण क्रेडिट कार्डावर ढकलतो, तसं कौन्सिलला करता येत नाही. जमाखर्चाचा मेळ बसलाच पाहिजे, हा कायदा. सगळ्यात मोठा वाटा म्हाताऱ्या माणसांच्या आणि निराधार मुलांच्या देखभालीत जातो, त्याला हात लावायची सोय नाही. उरलेल्यात लायब्ररी, बागा, खड्डे, सणांचे दिवे. दर ऑक्टोबरात वरून हुकूम यायचा की एवढे एवढे वाचवा, आणि मी तक्ता उघडून बसायचो. शेकडो ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे कुणाचं तरी काम, पण तक्त्यात ते दिसत नाही. तिथे दोनच रकाने दिसतात, किती दिले आणि किती खर्चले. ज्या ओळीत पैसे उरले तिला त्यांची गरज नव्हती, असं आमचं शास्त्र. अशा ओळीला मी पिवळा रंग द्यायचो, आणि पिवळी ओळ फेब्रुवारीच्या बजेटात बहुतेक उडायची. सुनंदा म्हणायची, मी रोज माणसांना झोपवते आणि परत उठवते, तुम्ही नुसतेच झोपवता.

एका वर्षी अशीच एक ओळ पिवळी केली. नाव होतं 'रोमा समावेशन'. रक्कम म्हणाल तर गावातल्या ख्रिसमसच्या दिव्यांपेक्षाही कमी. त्यात आठवड्याला तीन दिवस काम करणाऱ्या एका बाईंचा पगार, दर गुरुवारी कम्युनिटी सेंटरचा हॉल, दुभाष्यांची फी आणि चहापाणी. त्यातले दुभाष्यांचे पैसे लागोपाठ दोन वर्षं जसेच्या तसे उरले होते. असं काही दिसलं की मला आनंद व्हायचा. कपातीआधी तिचा परिणाम कुणावर होईल हे एका फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. मी तो जागेवर बसूनच भरायचो, 'परिणाम नगण्य'. पण आमची डायरेक्टर हेलन त्या वर्षी नवीन आली होती आणि तिला अजून उत्साह होता. ती म्हणाली, निदान एकदा जाऊन बघून तरी या. मी कुरकुरत गेलो. येताना वाटेत मुळा-कोथिंबीर घेता येईल एवढाच फायदा दिसत होता.

रोमा म्हणजे कोण, हे मला तेव्हा जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगण्यासारखं नाही. नंतर वाचलं ते सांगतो. हजारेक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्याकडून, उत्तर हिंदुस्थानातून, निघाले आणि चालत चालत युरोपभर पसरले, असं भाषेचे अभ्यासक म्हणतात. आमच्या गावात आलेली कुटुंबं बहुतेक स्लोव्हाकियातली. बाप्ये गोडाउनमध्ये पॅकिंगला, बायका हॉटेलात सफाईला. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणी शेजारी बसवून घेतलं नाही, इथे निदान कुणी ओळखत नाही, म्हणून आलेले.

हॉलमध्ये शिरलो तर हा गोंधळ. पंधरावीस माणसं एकाच वेळी बोलताहेत, मुलं टेबलाखालून पळताहेत, आणि मधोमध खुर्चीवर एक ठेंगण्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाई, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कुणाचं तरी कौन्सिलचं पत्र. याच मार्गिता. त्या स्वतः रोमा, इथे येऊन इंग्रजी शिकलेल्या, आणि तक्त्यातला तो तीन दिवसांचा पगार त्यांचा. त्यांनी मला बसवलं, न विचारता काळी कॉफी हातात दिली, आणि काम संपेपर्यंत तासभर तसंच ठेवलं. मी पहिल्यांदा पाहिलं की माझ्या तक्त्यातली ओळ हलते, बोलते आणि लोकांवर खेकसतेसुद्धा.

दुभाष्यांचे पैसे का उरले, ते मी विचारलं. बाईंना प्रश्नच कळला नाही. दुभाषी कशाला बोलवायचा, मला पाच भाषा येतात, मीच बोलते, कौन्सिलचे पैसे वाचतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे या बाईंनी आमचे पैसे वाचवले होते, आणि वाचवले म्हणून मी त्यांना पिवळं केलं होतं. माझे कान गरम झाले. आता असं ओशाळल्यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण मी पडलो पुणेकर. मी वातावरण हलकं करायला गेलो. म्हटलं, बाई, तुम्ही तर आमच्याच की. तुमच्याकडे पाण्याला काय म्हणतात? त्या म्हणाल्या, पानी. नाकाला? नाक. मला चेवच चढला. मी बोटांवर एक, दोन, तीन मोजून दाखवलं, हजार वर्षांपूर्वीचं नातं, रक्ताची ओढ वगैरे बोललो. हातात अर्थातच तो परिणामाचा फॉर्म होता.

मार्गितांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "हजार वर्षांत तुमच्याकडून एक पत्र नाही. आणि आता आलात ते फॉर्म घेऊन."

मी कॉफी संपवली. तळाशी चोथा होता, तोही गिळला.

पण त्या दिवशी बाईंचं काम काय आहे ते नीट समजलं, आणि ते मी तुम्हालाही सांगितलं पाहिजे. ही कुटुंबं वर्षाच्या मध्येच कधीतरी येतात. तेव्हा जवळच्या शाळा भरलेल्या असतात. अर्ज ऑनलाइन, उत्तर पत्रानं, तेही अशा इंग्रजीत की मला दोनदा वाचावं लागतं. जागा मिळाली तर ठरलेल्या दिवसांत 'हो' कळवायचं, नाहीतर ती दुसऱ्या मुलाला जाते. पत्र समजलं नाही म्हणून जागा गेली आणि पोर आणखी काही महिने घरात बसलं, असं सर्रास व्हायचं. म्हणून शाळेची पत्रं कुटुंबांच्या संमतीनं थेट मार्गितांकडे यायची, गुरुवारी त्या ती हातात देऊन समजावायच्या, तिथेच सही घ्यायच्या, आणि पहिल्या दिवशी मुलाला शाळेच्या दारापर्यंत पोचवून यायच्या. माझी ओळ उडाली असती तर मार्च संपताच हे सगळं थांबणार होतं. मुलं परत खिडकीत बसणार होती.

मी परत येऊन हेलनला म्हटलं, ही ओळ वाचवायची. ती म्हणाली, वाचवू, पण पुरावा दे, किती मुलं आहेत? मी शाळांच्या नोंदी काढल्या. शाळेच्या फॉर्मवर वंशाचा रकाना असतो, त्यात 'रोमा'वर खूण केलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांनी 'इतर गोरे' नाहीतर 'सांगू इच्छित नाही' असं लिहिलेलं. हॉलमध्ये टेबलाखाली पळणारीच याहून जास्त होती. आता दुसऱ्या कुणी यावर विचार केला असता की लोक खूण का करत नसतील? मी हिशोबनीस. मी म्हटलं, फॉर्म नीट नसेल. मी चांगला फॉर्म बनवतो.

तो फॉर्म म्हणजे माझ्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम काम. एकच पान, मोठी अक्षरं, स्लोव्हाक भाषांतर, आकाशी रंगाचे चौकोन. नाव, पत्ता, मुलांची नावं, जन्मतारखा, आणि मधोमध ठळक चौकोन, 'रोमा'. सुनंदाला दाखवला. ती म्हणाली, छान आहे, पण हा लोकांना भरायचाय की तुम्हाला? मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पुढच्या गुरुवारी मी स्वतः, टाय लावून, गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र अडकवून, हॉलच्या दारातच टेबल टाकून बसलो. कुणी निसटू नये म्हणून दारात. मार्गिता कुणाबरोबर तरी शाळेत गेल्या होत्या आणि उशिरा येणार होत्या. मी त्यांना आधी विचारलंही नव्हतं. सुखद धक्का द्यायचा होता.

पहिलं कुटुंब आलं, दारातून माझ्याकडे आणि टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं, आणि मागे फिरलं. मला वाटलं, गाडीत काहीतरी विसरले असतील. मग एक आजोबा ढकलगाडी घेऊन आले, फाटकापाशीच थांबले आणि ढकलगाडी वळवून निघून गेले. मी त्यांना हात केला. पेनसुद्धा दाखवलं. तासाभरात मार्गिता आल्या तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये मी एकटा, कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलो होतो. किचनच्या ओट्यावर सकाळीच आणून ठेवलेल्या दुधाच्या बाटल्या तशाच.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि एक फॉर्म उचलून सावकाश वाचला. मग म्हणाल्या, "मी सात वर्षांची असताना आमच्या वस्तीत एक बाई आल्या. त्यांच्याकडेही अशी यादी होती. सप्टेंबरात मला आणि माझ्या भावाला मतिमंद मुलांच्या शाळेत घातलं. गणितात मी वर्गात पहिली होते."

मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे घराघरात हेच शिकवलेलं असतं, कुणी सरकारी माणूस नावं लिहायला लागला की उठायचं आणि चालू पडायचं. मग त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. दोन बहिणींना शाळेत जागा मिळाल्याचं पत्र होतं. चार महिने वाट पाहून मिळालेली जागा. आई त्या दिवशी सही करायला येणार होती. ती फाटकापर्यंत आली होती की नाही, देव जाणे. मार्गिता संध्याकाळी घरी गेल्या तर दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुदत संपली, जागा गेली, आणि काही दिवसांत ते कुटुंब दुसऱ्या गावी निघून गेल्याचं कळलं. कुठल्या ते अजून कळलेलं नाही. या आठवणीतलं हसण्यासारखं सगळं मी तुम्हाला देतोय, हे तेवढं माझ्याकडे राहू द्या.

पुढचे दोन गुरुवार हॉल रिकामा. आता गंमत बघा. मी पुराव्यासाठी सिस्टीममध्ये 'उपस्थिती' असा नवा रकाना उघडून ठेवला होता, आणि तो दर आठवड्याला भरणं माझ्याच अंगावर होतं. मी तीनदा शून्य भरलं. आधी या ओळीविरुद्ध पुरावा नव्हता, तो मी तयार करून दिला. हेलननं तक्ता पाहिला आणि म्हणाली, मग जाऊ दे ना ही ओळ. ती वाईट नव्हती. तिला माझ्याच शास्त्राप्रमाणे दिसत होतं. मार्गिता तिकडे घरोघर फिरून माझ्या वतीनं माफी मागत होत्या, आणि इकडे बजेटला चारच आठवडे उरले होते.

त्याच सुमारास मंडळाची संक्रांत आली. आपला कार्यक्रम तेव्हा त्या मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये व्हायचा, आठवतंय ना? लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून शाळा सगळ्यांना बूट बाहेर काढायला लावायची. आता आपली माणसं येणार की नाही हे कधी कळवत नाहीत. आठ वेळा मेल पाठवा, व्हॉट्सॲपवर हात जोडा, उत्तर नाही, आणि ऐन वेळी पाहुण्यांसकट हजर. पण जेवण कधी कमी पडलं नाही, कारण नलूमावशी. मावशी कुणाला काही विचारायच्या नाहीत. बाहेर जाऊन बुटांच्या रांगेवरून एक चक्कर मारायच्या, आत येऊन सांगायच्या, अजून दोन कुकर लावा, आणि मुलांचे बूट जास्त आहेत, तिखट बेतानं. त्या दिवशीही मी दारात गुळाची पोळी खात उभा होतो आणि मावशी बूट मोजत होत्या. मी पोळी तशीच हातात धरून थांबलो. सुनंदाला वाटलं, घशात अडकली.

दुसऱ्या दिवशी मी मार्गितांकडे गेलो, टाय न लावता. विचारलं, तुमच्याकडे असं काही आहे का, जे कुणालाही न विचारता मोजता येईल? किती कप धुतले, किती खुर्च्या मांडल्या, काहीही. त्या म्हणाल्या, खुर्च्या कोण मोजतंय, पण दूध आहे. मोठी माणसं काळी कॉफी पितात. दूध फक्त मुलांच्या कोकोसाठी येतं. दर गुरुवारी मी विकत घेते. मी म्हटलं, पावत्या आहेत? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. तिथे अडीच वर्षांपूर्वीची एक मेल छापून टाचणीनं लावलेली होती. मेल माझी होती.

'दुधावरील खर्चात सातत्याने वाढ होत असल्याचे दिसते. कृपया खुलासा करावा. दूध पावडरचा पर्याय विचारात घ्यावा.' खाली त्यांचं उत्तर, एका ओळीचं: 'मुलं जास्त येतात.' आणि त्याखाली माझी पोच: 'धन्यवाद. प्रकरण बंद करत आहे.'

सगळ्या पावत्या वर्षानुवर्षं माझ्याकडेच येत होत्या. मी प्रत्येकीवर सही केली होती. मुलं किती वाढली याचा पुरावा मी स्वतः मागवला होता, तो मला मिळाला होता, त्याबद्दल मी आभार मानले होते आणि फाइल बंद केली होती. वर दूध पावडर सुचवली होती. मी त्या बोर्डापुढे उभा राहिलो आणि मला हसूही येईना आणि रडूही. मार्गिता म्हणाल्या, ती मेल मुद्दाम लावलीय, कंटाळा आला की वाचते.

बजेटआधी नगरसेवकांची एक समिती सगळ्या कपाती तपासते. तिथे मी एक पान घेऊन गेलो. आडव्या ओळीवर गुरुवार, उभ्या ओळीवर दुधाच्या बाटल्या. सुरुवातीला दोन, मग तीन, मग चढत चढत नऊ. आणि शेवटी एकदम खड्डा. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, आमच्यापुढे तुम्ही दुधाचा हिशोब ठेवताय का? मी हो म्हटलं. मग त्यांनी पेन्सिलीनं त्या खड्ड्यावर टकटक केलं आणि विचारलं, इथे काय झालं?

माझ्याकडे सरकारी उत्तर तयार होतं, 'हंगामी चढउतार'. हेलनही मान डोलावून तेच सुचवत होती. पण समोर पब्लिकच्या खुर्च्यांवर मार्गिता बसलेल्या, मांडीवर पर्स घेऊन.

मी म्हटलं, "तिथे मी झालो, मॅडम. मी फॉर्म घेऊन दारात बसलो आणि ते घाबरून गेले. त्यांची चूक नाही, गरज कमी झालेली नाही. तो खड्डा माझा आहे."

कुणीतरी हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. यात कुणाचं नुकसान झालं तेही त्यांनी विचारून घेतलं, आणि मला त्या दोन बहिणींच्या जागेचं सांगावं लागलं. शेवटी म्हणाल्या, ओळ ठेवा, उपस्थिती दुधावर मोजा, नावं घेऊ नका. आणि तेवढीच रक्कम शुक्रवारपर्यंत दुसरीकडून शोधून आणा. मेळ बसला पाहिजे, तो कायदा.

आता मात्र तुम्ही सगळ्यांनी जरा सरसावून बसा, कारण इथून पुढचं तुमच्याबद्दल आहे.

शुक्रवारी सकाळी मी तक्ता उघडला. सगळीकडे चरबी उतरून हाडं लागलेली. एकच ओळ होती, रक्कम जवळजवळ तेवढीच: 'सांस्कृतिक संस्थांना हॉलभाड्याचं अनुदान'. त्यातला बराचसा भाग आपल्या मंडळाला मिळायचा. मी डोळे मिटले तर मला शाळेचं पार्किंग दिसलं, जर्मन गाड्यांनी भरलेलं. आपण आपलं भाडं स्वतः भरू शकतो, हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढं कौन्सिलात कुणालाच नव्हतं. मी 'मंडळाचा आजीव सदस्य' असं हितसंबंध जाहीर करायच्या फॉर्मवर लिहून दिलं आणि ती ओळ पिवळी केली. हेलन म्हणाली, हितसंबंध जाहीर करून स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारणारा तू पहिलाच.

होय. शाळेचा हॉल गेला तो माझ्यामुळे. वर्गणी वाढली ती माझ्यामुळे. गेली चार वर्षं गणपतीला तुम्ही ज्या पार्किंगला शिव्या घालता, ते छोटं कम्युनिटी सेंटर माझ्यामुळे. आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. त्या वर्षीच्या मंडळाच्या सभेत सगळे खवळले होते. निषेधाचं पत्र लिहायचं ठरलं आणि अध्यक्ष म्हणाले, आपले हे कौन्सिलमधले आहेत ना, यांना भाषा माहितेय, हेच लिहितील. मी लिहिलं. जीव तोडून लिहिलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. सोमवारी ते पत्र ऑफिसात आलं आणि उत्तराचा मसुदा करायला माझ्याच टेबलावर पडलं, कारण या समाजाची मला चांगली माहिती होती. तेही मी लिहिलं. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, बघा, किती कोडगे लोक आहेत. मी मान हलवली आणि चकली उचलली.

एवढी वर्षं बोललो नाही, कारण धीर झाला नाही. एवढ्या डॉक्टरांच्या मधोमध आजारी पडायची वेळ कधीतरी येणारच, असाही विचार होता. सुनंदाला ठाऊक होतं. ब्रिस्टलहून लेक आली होती, तिनं हा मजकूर वाचला. तिचं मराठी तिकडच्या हवेतलं. म्हणाली, "बाबा, तू स्वतःच्याच लेटरला रिप्लाय दिला? आणि हा गोष्ट मंडळवाले वाचणार?" मी म्हटलं, वाचू दे. फार तर भेंडीचं खातं काढून घेतील.

मार्गितांचं काम अजून चालू आहे. दर फेब्रुवारीला ती ओळ काठावर येते आणि दर फेब्रुवारीला बाटल्यांचं पान निघतं. त्या फाटकापासून परतलेल्या माणसांपैकी बहुतेक परत आली. त्या दोन बहिणी नाही आल्या. कुठल्या तरी शाळेत असतील, असं मी धरून चालतो, कारण नाहीतर झोप लागत नाही.

गेल्या महिन्यात मार्गितांनी मला एक मेल पुढे पाठवली. माझ्या जागी नवीन मुलगा आलाय, हुशार आहे, मीच त्याला दोन आठवडे शिकवलं होतं. त्यानं त्यांना लिहिलं होतं: 'दुधावरील खर्चात सातत्याने वाढ होत असल्याचे दिसते. कृपया खुलासा करावा.' खाली मार्गितांनी मला विचारलं होतं, काय उत्तर देऊ?

मी लिहिलं, तेच द्या, मुलं जास्त येतात. आणि त्याचं धन्यवादाचं पत्र आलं की छापून जपून ठेवा.